एक फाईल वगळली

सदाशिव पेठेतल्या त्या ट्रस्टकडे पार सोलापूर-नगरपर्यंतच्या इस्पितळांतून फोन यायचे. हजारोंत एखाद्याचाच असतो असा रक्तगट कुणाला लागला, की ट्रस्ट दाता शोधून द्यायचा. साडेचार हजार दात्यांची नावं-पत्ते कचेरीतल्या शालनताईंनी सहा वर्षं खपून संगणकात भरले होते. भरून झाल्यावर, जागा अडते म्हणून जुनी कार्डं रद्दीत गेली. सर्व्हर सांभाळायचं काम मुनव्वरकडे होतं.

रोज टेपवर बॅकअप निघायचा. पण फोन कधीही येईल म्हणून दात्यांची फाईल चोवीस तास उघडी असायची, आणि उघड्या फाईलची प्रत घेणं त्या साध्या बॅकअपला जमायचं नाही. सकाळी पडद्यावर ओळ दिसायची : एक फाईल वगळली.

ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मुनव्वर तडक सेक्रेटरी रंगनाथरावांकडे गेला.

"सर, एजंट नावाचं सॉफ्टवेअर मिळतं. ते सर्व्हरवरच बसतं आणि फाईल चालू असतानाही तिची नीट प्रत काढून टेपवर पाठवतं. काम थांबवावं लागत नाही."

रंगनाथरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपला सर्व्हर कधी बंद पडलाय?"

"अजून तरी नाही."

"मग पडला की या."

"निदान रोज तासभर फाईल बंद ठेवू द्या."

"आणि तेवढ्यात फोन आला तर? पेशंटला म्हणायचं, जरा दम धरा, आमची प्रत निघतेय?"

मुनव्वरने पुन्हा विषय काढला नाही. ती ओळ हळूहळू सवयीची झाली. पुढे तो ती वाचेनासाही झाला.

२००१च्या मे महिन्यात, भर दुपारी, सर्व्हरची डिस्क खरखरली आणि गप्प झाली. मुनव्वरने नवी बसवून टेप लावली. पत्रव्यवहार परत आला, हजेरीपत्रकं आली, वर्धापनदिनाचे फोटोसुद्धा आले. दात्यांची फाईल आली नाही. त्याने मागच्या आठवड्याची टेप लावली, मागच्या महिन्याची, मग मागच्या वर्षाची. जुनी डिस्क घेऊन तो मुंबईला गेला. तिथल्या कारागिराने ती उघडून दाखवली. तबकडीवर ओरखडेच ओरखडे होते.

नवव्या दिवशी एका इस्पितळातून फोन आला. बाळंतीण होती, रक्तस्राव थांबत नव्हता, रक्तगट ‘बॉम्बे’, ज्याला फक्त त्याच दुर्मीळ गटाचं रक्त चालतं.

शालनताईंनी डोळे मिटले. "धनकवडीच्या सत्यशीला. शाळेच्या मागे राहायच्या. आणि मार्केट यार्डातले हमाल, बापूराव."

मुनव्वर स्कूटरवरून निघाला. सत्यशीलाबाई घरीच भेटल्या, पण त्यांना वर्षापूर्वी अशी कावीळ होऊन गेली होती, की आता रक्त देता येत नव्हतं. मार्केट यार्डात गाळ्यागाळ्यावर विचारलं, तेव्हा कळलं, बापूराव दोन वर्षांपूर्वीच गावी गेले. कुठलं गाव, कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो परतला तेव्हा शालनताई फोनजवळ बसून होत्या.

"मुनव्वरभाई, राहू द्या आता. इस्पितळातून फोन आला होता, बाई गेली," त्या म्हणाल्या. "या गटाचे आणखी अकराजण होते हो शहरात. चेहरे दिसतात. आडनावं येत नाहीत."

"मला रोज दिसत होतं, ताई," मुनव्वर म्हणाला. "फाईल सुटतेय हे मला रोज दिसत होतं."



जूनमध्ये एजंट आला. अर्ध्या तासात बसला. फाईल उघडी असताना तिची प्रत निघाली आणि टेपवरून जशीच्या तशी परतही आली. "झालं की हो!" रंगनाथराव म्हणाले. फाईलमध्ये आता आठवून भरलेली सदुसष्ट नावं होती.

जुलैत त्या बाळंतिणीचा नवरा आला. योगेश त्याचं नाव. त्याला दाता म्हणून नाव घालायचं होतं. गट बी पॉझिटिव्ह.

"हा गट कुठेही मिळतो," मुनव्वरने हळूच सांगितलं. "आमच्याकडे नोंदवत नाहीत."

"लिहून तर घ्या," योगेश म्हणाला.

शालनताईंनी खुर्ची पुढे केली. नाव विचारलं, पत्ता विचारला, गाव विचारलं, शेजाऱ्यांचा फोन नंबरसुद्धा विचारला आणि सगळं सावकाश टाईप केलं.