नाजमीनचं गुसल

आष्ट्यात आमच्या गल्लीत बाईमाणूस वारलं की पहिला निरोप हुरमतखालांकडं जायचा. मय्यत झालेल्या बायकांना गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, चाळीस वर्षं त्याच घालत आल्या होत्या. आता त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून दोन वर्षांपासून त्यांच्या जोडीला तहसीन शिकलगार जायची. तहसीन तेवीस वर्षांची, गावातल्याच एका दवाखान्यात नर्स. हे काम कुणीच केलं नाही तर सगळी जमात गुन्हेगार ठरते, असं मौलानांनी एका जुम्याला सांगितलं होतं. ते ऐकून ती आपणहून खालांच्या दारात जाऊन उभी राहिली होती.

खालांनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "आंगावर काय बी दिसू दे, डाग असू दे, व्यंग असू दे, ते तिथंच ठिवायचं. मय्यतला सवताला झाकून घेता येत न्हाई. ते आपून झाकायचं. भाईर बोललीस तर त्यापरीस मोठा गुना न्हाई."

तहसीननं ते मनापासून पाळलं होतं. दोन वर्षांत तिनं अकराजणींना आंघोळ घातली, आणि एकीबद्दलही घरी आईजवळसुद्धा चकार शब्द काढला नव्हता.

त्या मंगळवारी सकाळी दहाला निरोप आला. नौशाद पटवेगारची बायको नाजमीन गेली. वय सव्वीस. चक्कर येऊन जिन्यावरून पडली, असं घरचे सांगत होते. ओळखीच्या डॉक्टरनं दाखला दिला होता. माहेर शिरवळचं, वडील तिथल्या एका कंपनीत वॉचमन. ते निघाले होते, पण पोचायला चार-पाच तास तरी लागणार. सासरचे म्हणत होते, जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर लगेच दफन करू, मय्यत ताटकळत ठेवायला नको.

मागच्या अंगणात पडदे बांधले. तख्त मांडलं. बोरीचा पाला घालून पाणी तापवलं होतं, ते शेजारच्या हरणाबाईंनी बादलीनं आणून दिलं. दोन्ही घरांत एकच भिंत. हरणाबाई डोळे पुसत बाहेर थांबल्या.

बिस्मिल्ला म्हणून तहसीननं उजवा हात धुवायला घेतला आणि थांबली. दंडावर चार बोटं उमटलेली होती. खालांनी नाजमीनला कुशीवर वळवलं, तेव्हा पाठ दिसली. काही वळ निळे, काही हिरवट, काही पिवळे पडत आलेले. कुठला रंग किती दिवसांचा, हे नर्सला सांगावं लागत नाही. जिन्यावरून माणूस एकदा पडतं. हे महिनाभराचं होतं.

खालांनी पाठ वरपासून खालपर्यंत बघितली. मग त्या म्हणाल्या, "पाणी घाल."

"खाला, बघितलंत?"

"बघितलं. झाकायचं."

"पण हे तिचं ऐब, तिचं व्यंग न्हाई. तिनं काय केलंय? हे दुसऱ्यानं केलंय."

"हळू बोल." खालांनी पडद्याकडं बघितलं. "गल्लीत पोलीस आणतीस का? आदीच सगळ्यांची नजर आपल्यावर. मागं एका पोरानं नुसतं स्टेटस ठिवलं तर चार दिवस दुकानं उघडली न्हाईत, इसरलीस? घरातलं हाय, घरात मिटंल. ती तर गेली बिचारी."

तहसीननं पांढरी चादर नाजमीनच्या गळ्यापर्यंत ओढली. ओले हात तसेच घेऊन ती पडद्याबाहेर आली. हरणाबाई समोरच होत्या.

"मावशी, भिंतीपलीकडून काय ऐकू यायचं का?"

हरणाबाईंनी मान खाली घातली. "यायचं की गं. मी टीव्ही मोठा करायची." मग तोंडाला पदर लावून त्या रडायला लागल्या.

पुढच्या अंगणात पुरुष जमले होते. मौलाना तिशीतले, जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, त्यांच्याशेजारी. नौशाद भिंतीला टेकून बसला होता. त्याचे डोळे सुजले होते, आणि ते रडणं खोटं वाटत नव्हतं. तहसीननं त्याच्यावरून नजर काढली. दारात उभी राहून तिनं मौलानांना बाजूला बोलावलं आणि दिसलं ते सांगितलं.

"खात्री हाय तुमची?" मौलानांनी विचारलं.

"कसं पडली, कुणी ढकललं का, ते मला म्हाईत न्हाई. पण पाठ मी बघितलीय. तुमीच सांगा, हे झाकून कफन बांधणं सवाबचं, पुण्याचं काम हाय का?"

मौलानांनी नौशादकडं बघितलं. तेवढ्यात सदर जवळ आले. काय चाललंय ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. "पोरी, तू शिकलेली हायेस," ते म्हणाले. "जमातीची अब्रू तुला कळत न्हाई का? मौलाना, वेळ व्हायलीय."

"वडील येईस्तवर थांबू," मौलाना जमिनीकडं बघत म्हणाले. त्या दिवशी तेवढंच बोलायची त्यांची हिंमत झाली.

"थांबून काय करणार? तुमी सगळे मिळून त्या बापाला समजवाल," तहसीन म्हणाली. तिनं तिथंच मोबाइल काढून पोलिसांचा एकशे बारा नंबर लावला. पत्ता सांगताना तिची जीभ दोनदा अडखळली. नौशाद उठून उभा राहिला, पण तिच्याकडं आला नाही. तो घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

पोलीस आले. पंचनामा झाला. नाजमीनला शवविच्छेदनासाठी सांगलीला न्यायचं ठरलं. गाडीत ठेवत असतानाच वडील पोचले. त्यांना कुणीतरी तहसीनकडं बोट दाखवलं. ते सरळ तिच्यासमोर आले.

"माज्या लेकीला फाडायला लावलंस! मेल्यावर तरी नीट जाऊ द्यायचं हुतंस!"

तहसीनला वाटलं होतं, निदान ते तरी आपल्या बाजूनं असतील. ती मागं वळली. घरी गेली. आई चुलीपाशी बसली होती, तिनंही वर बघितलं नाही. "तुझं लगीन व्हायचं हाय अजून," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी देह परत आला. सासरच्या दाराला कुलूप होतं, म्हणून मशिदीमागच्या खोलीत ठेवला. परत आंघोळ घालायला हवी होती, पण गल्लीतली एकही बाई आली नाही. तहसीन एकटीच तख्तापाशी उभी होती. एकटीनं वळवणं जमणार नव्हतं.

हरणाबाई आल्या. चपला बाहेर काढून म्हणाल्या, "मला तुमचं काय येत न्हाई. पर पाणी घालते. चालंल का?"

"चालंल की, मावशी."

थोड्या वेळानं काठी वाजली. हुरमतखाला आत आल्या. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही, बाह्या वर सारल्या आणि नाजमीनच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. शवविच्छेदनाच्या टाक्यांवर पाणी पडताना त्यांचे ओठ हलत होते. आंघोळ संपेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. जाताना मात्र दाराशी थांबल्या.

"पाच वर्सांमागं अशीच एक हुती," त्या म्हणाल्या. "मी झाकलं." आणि काठी टेकत निघून गेल्या.

जनाज्याची नमाज मौलानांनी पढवली. मागं माणसांच्या तीन सफा, म्हणजे रांगा, जेमतेम भरल्या. नाजमीनच्या वडिलांनी शेवटची माती दिली आणि कुणाशी न बोलता शिरवळची गाडी धरली. चार दिवसांनी त्यांनी पोलिसांत जबाब दिला, की लेक फोनवर रडायची आणि आपण तिला सांभाळून घे म्हणायचो.

मृत्यू डोक्याला मार लागून झाला, असं अहवालात आलं. पडली की पाडलं, हे सांगता येत नव्हतं. मारहाणीच्या खुणांवरून नौशादवर गुन्हा दाखल झाला. हरणाबाईंनी पोलिसांना सगळं सांगितलं. दोन महिन्यांनी नौशाद जामिनावर सुटून आला. केस चालू आहे. तहसीनला बघायला येणार होती ती पाचगणीची माणसं आलीच नाहीत. दुकानात ती गेली की बोलणं थांबतं. त्यानंतर गल्लीत दोन बायका वारल्या, दोन्ही वेळा तिला निरोप आला नाही. रोज फजरला, पहाटेच्या नमाजला ती दुआ मागायला हात उचलते, आणि आपण बरोबर केलं का, हेच तिच्या मनात येतं.

गेल्या महिन्यात मौलानांची बायको तिच्याकडं आली. दर रविवारी मुलींना गुसल शिकवशील का, असं तिनं विचारलं. सात जणींनी नावं दिली होती. आल्या दोघी. तहसीननं त्यांना पडदा कसा धरायचा, पाणी कुठून सुरू करायचं, ते दाखवलं. मग म्हणाली, "मय्यतचं जे सवताचं असंल ते झाकायचं. दुसऱ्यानं केलेलं असंल, तर ते तिचं नसतं."

दोघींतली धाकटी, अर्शिया, पुढं सरकली. "पण तहसीनबाजी, मग लोक आपल्याशी बोलायचं सोडतात ना?"

"व्हय," तहसीन म्हणाली. "सोडतात."

अर्शियानं मैत्रिणीकडं बघितलं. दोघी उठून जातील असं तहसीनला वाटलं. त्या उठल्या नाहीत. तहसीननं कफनाचं कापड पुढं ओढलं आणि बाईच्या कफनाला लागणारे पाचही तुकडे कसे मापायचे ते सांगायला सुरुवात केली.