थोरल्या नवाराचा दाखला

इजिप्तमधल्या इस्ना गावाबाहेरच्या माळावर टोमॅटो वाळवायचा हंगाम होता. इन्शिराह उकिडवी बसून चिरलेल्या टोमॅटोंवर मीठ भुरभुरवत होती, तेवढ्यात तहानीबाई शाळेतून धावतच आल्या. सॉसच्या कंपनीने देशभरातल्या मुलांना रिकाम्या डब्यांतून काहीतरी घडवायला सांगितलं होतं, आणि गावच्या चौघा पोरांनी केलेल्या पत्र्याच्या गावाला पहिला नंबर मिळाला होता. त्यातला कबुतरखान्याचा उंच मनोरा इन्शिराहच्या लेकीने, नवाराने, एकटीने केला होता. बायकांनी सुऱ्या टाकल्या आणि लग्नात घेतात तशा लकेरी घेतल्या. इन्शिराहचे डोळे भरून आले, पण मिठाच्या हाताने पुसायची सोय नव्हती.

येत्या गुरुवारी चौघांना कैरोला न्यायचं होतं. बाई जाता जाता म्हणाल्या, फक्त जन्मदाखला लागेल आणि पालकाची सही. इन्शिराहने मान खाली घालून पुन्हा मीठ भुरभुरवायला घेतलं.

तिला दोन नवारा झाल्या होत्या. थोरली तीन वर्षांची होऊन तापाने गेली, आणि महिन्याभरात धाकटी जन्मली. नवरा म्हणाला, नाव तेच ठेवू, दाखला घरात आहेच, पुन्हा कचेरीत खेटे कोण घालणार? थोरलीचं मरण नोंदवलं नाही की धाकटीचा जन्म नाही. असल्या उसन्या कागदांवर अर्धं गाव शाळा शिकलं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पुढे नवराही गेला. आता धाकटी पंधराची होती आणि कागदावर मात्र याच हिवाळ्यात अठरा पूर्ण झाली होती.

दाखला थोरलीचा आहे हे जाणणारी आता एकटी इन्शिराहच उरली होती. दीर मौगूद त्या काळात सुएझला कामाला होता. बापामागे पोरीचं लग्न ठरवायचा हक्क काकाचा, आणि गेली दोन वर्षं तो तिला आपल्या मुलासाठी, रबीअसाठी मागत होता. रबीअ चौतिशीचा. त्याची पहिली बायको मार खाऊन माहेरी गेली ती परत आलीच नाही. इन्शिराह दर वेळी साळसूदपणे म्हणायची, मी कुठे नाही म्हणते, पण अठराच्या आत निकाह लावला तर तुरुंग आहे भाऊजी. मौगूद सरकारला टरकून असायचा, त्यामुळे गप्प बसायचा. अजून तीन वर्षं अशीच ढकलायची, तोवर पोरगी नर्सिंग शिकून पायावर उभी राहील, एवढाच त्या माउलीचा हिशेब होता.

म्हणून तिने बाईंना सांगितलं, दाखला उंदरांनी खाल्ला. खरं सांगितलं असतं तर? पण बाई शहरातल्या, कायद्याने चालणाऱ्या. कागद खोटा ठरवून त्यांनी पोरीचं शाळेतलं नावच काढलं तर काय, या भीतीने तिने तोंड उघडलं नाही.

बाई मनाने चांगल्या, आणि घात तिथेच झाला. पोरीची संधी जाऊ नये म्हणून त्या स्वतः दाखल्याची नवी प्रत काढायला नोंदणी कचेरीत गेल्या आणि घरचं माणूस लागतं म्हणून मौगूदला सोबत घेऊन गेल्या.

दुपारी दोघं परत आली. मौगूद ऐसपैस बसला आणि त्याने चहा मागितला, साखर जास्त. बाई दारातच उभ्या राहिल्या. त्या खालच्या मानेने म्हणाल्या, स्पर्धा सोळापर्यंतच्या मुलांची आहे, मी दप्तर न बघता सगळ्यांचं वय अंदाजाने पंधरा लिहिलं होतं. नवाराचं नाव काढावं लागेल.

"जाऊ द्या हो बाई," मौगूद म्हणाला. "तिला दुसरं बक्षीस आहे. काय वहिनी? कायदा, कायदा म्हणून किती नाचवलंस मला."

"तो दाखला थोरलीचा आहे," इन्शिराह म्हणाली. "कालव्याकाठी पुरली ती. ही पंधराची आहे भाऊजी, देवाशपथ."

"सरकार सांगतंय अठरा. तू सरकारपेक्षा शहाणी?"

बाईंना सगळं कळलं. पण आता कळून काय होणार होतं? दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा कचेरीत गेल्या. कारकुनाने सांगितलं, ही पोरगी ती नव्हे म्हणता, तर मग हिची नोंदच नाही. कोर्टात जा, वर्ष-दोन वर्षं लागतील. तोवर परीक्षा नाही, काही नाही. मौगूदला गुरुवारपलीकडे थांबायचं नव्हतं.

गुरुवारी पहाटे तिघं पोरं कैरोच्या गाडीत बसली. त्याच दिवशी अंगणात निकाहाची सतरंजी अंथरली. कंपनीने शाळेला सॉसचे डबे पाठवले होते, त्यातले दोन खोके मौगूदने मेजवानीसाठी उचलून आणले. नव्या वेष्टनावर पत्र्याचं गाव छापलं होतं आणि मधोमध मनोरा. इन्शिराह एकेक डबा फोडून पातेल्यात ओतत होती. मनोऱ्याकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, पण प्रत्येक डब्यावर तोच होता.

निकाह लावणाऱ्याने चष्मा चढवला आणि दाखला मोठ्याने वाचला. नाव नवारा. मग जन्माचा दिवस, महिना, वर्ष. ती तारीख ऐकून इन्शिराहचा हात थांबला. त्या दिवशीच्या कळा तिला अजून आठवत होत्या. पंधरा वर्षांत थोरलीचं नाव कुणी असं चारचौघांत घेतलं नव्हतं.

नवारा पांढऱ्या कपड्यांत तिच्याशेजारी येऊन बसली. पत्रा कापताना चिरलेली तिची बोटं अजून भरली नव्हती.

"आई," तिने हळूच विचारलं, "हे लग्न थोरलीचं लावताहेत ना?"

इन्शिराहने तिचा हात घट्ट धरला. हाताला लागलेल्या खारट सॉसने चिरा झोंबल्या, पण पोरीने हात काढून घेतला नाही.

"हो," आई म्हणाली. "तिचंच."

"मग तिच्याऐवजी मी का जायचं?"

तेवढ्यात अंगणातून नवरीला बोलावणं आलं.