दोघांपैकी एकच उभा

"बस" म्हणायला त्या बुटक्या माणसानं तोंड उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. नुसती दोन बोटं खाली केली आणि सहा फूट तीन इंचांचा माझा मुलगा मुकाट खुर्चीत बसला. खुर्ची शाळेतल्या पोरांची. त्याचे गुडघे छातीशी आले.

"हा कोण त्याला बसवणारा?" मी कीर्तीला विचारलं. कीर्ती माझी सून. बोईसरच्या त्याच शाळेत गणित शिकवते.

"आई, ते बबलू सर. मुख्य कोच. हे असिस्टंट."

"मुख्य उभा नि आपला बसलेला?"

"नियमच हाय तसा. खेळ चालू असताना दोघांपैकी एकालाच उभं राहता येतं. मघाशी आपल्या संघातली मुलगी पडली तेव्हा हे उठले, तर पंचांनी ताकीद दिली. आता परत उठले तर दंड."

असिस्टंट म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. लग्नात आचाऱ्याच्या हाताखाली कांदे चिरायला एक असतो. जेवण चांगलं झालं तर पंगत आचाऱ्याचं नाव विचारते, खारट झालं तर आचारी याचं नाव सांगतो. तो असिस्टंट.

आणि हा बसायचा नियम तर मला सांगूच नये. माकुणसारला माझ्या घरात मी उभी असले की कुणी बसत नाही. सासूनं मला चौदा वर्षं उभी ठेवली. ती गेल्यावर मी घर उभं ठेवलं. माझा कुंदन चार वर्षांचा होता तेव्हापासून माझं 'ऊठ' कानावर पडलं की भरल्या ताटावरून उठतो. का उठायचं ते नंतर विचारतो. कधी कधी विचारतही नाही. मला त्याचा अभिमान होता.

आमची पानवेलीची वाडी आहे. केळी, नारळ, चिकू सगळ्यांकडे असतात, पानवेल राखायला माणूस लागतो. आत चप्पल चालत नाही, मोठ्यानं बोललेलं चालत नाही. असल्या घरात हा जन्मला आणि आठवीत असताना पालघरच्या कुण्या मास्तरानं याची उंची बघून याला बॉल दिला. झालं. पुण्याला वसतिगृहात गेला. मग एका सरकारी खात्याच्या संघात खेळला. मग दक्षिणेत कुठे तरी पैसे देऊन खेळवणारी टोळी निघाली, तिथे दोन वर्षं. पेपरात एकदा फोटो आला तो पाठीकडून. चौदा नंबर दिसतो, तोंड दिसत नाही. तो कापून घेऊन मी कुणाला दाखवणार, की हा बघा माझ्या मुलाचा चौदा?

बाया विचारायच्या, "काय करतो गं कुंदन?"

मी म्हणायची, "जाळीत बॉल टाकतो. जाळीला बूड नाय."

खरंच सांगते, बूड नसलेलं जाळं दातिवऱ्याच्या मासेवालीला दाखवलं असतं तर तिनं ते विणणाऱ्याला दर्यात बुडवला असता. वर टाकलेलं खालून पडतं, ते उचलायचं, परत टाकायचं. असं सतरा वर्षं. मग ती टोळी मोडली, याचा गुडघाही मोडला, आणि गडी बोईसरला येऊन पोरींच्या संघाचा असिस्टंट झाला. मधल्या काळात त्याचे वडील गेले. वाडी मी आणि आमच्या गड्यानं, जिवल्यानं राखली.

या शिमग्याच्या आत वेलीची उतरण करायची होती. उतरण म्हणजे वर गेलेली वेल सोडवून खाली घ्यायची, बुडाशी गुंडाळून मातीत घालायची. ती परत फुटते. नाही उतरवली तर उंच जाते आणि पान बारीक होत जातं. हे काम रोजंदारीच्या माणसावर टाकता येत नाही, वेल मोडते. मी कुंदनला सांगितलं, "यंदा तू येणार नसशील तर मी वेल उपटून टाकते. मला आता शिडीवर चढवत नाय."

तो म्हणाला, "आई, रविवारी जिल्ह्याची फायनल हाय. बबलू सर वापीला मेव्हण्याच्या धंद्यात चाललेत. कप आला तर त्यांची जागा मला देणारेत. नाय आला तर वसईचा माणूस ठरलेला हाय, नि माझी मुदत याच महिन्यात संपते."

"मग?"

"जिंकलो तर राहतो. हरलो तर सोमवारी वाडीत."

म्हणून मी गेले होते. जिंकताना बघायला नाही. हरलेला मुलगा हाताला धरून घरी आणायचा, म्हणून नवं लुगडं नेसून गेले होते.

पत्र्याखालचं मैदान, कारखान्यांकडून येणारा तो कुजलेला वास, आणि दहा पोरी एका बॉलमागे. पहिला अर्धा तास मला काही कळलं नाही आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही. बबलू सर मात्र मनापासून ओरडत होते. "अरे डिफेन्स! डिफेन्स करो ना यार!" बॉल आपल्याकडे असला तरी डिफेन्स, त्यांच्याकडे असला तरी डिफेन्स. कपाळाला घाम, गळ्यात शिट्टी, पोट कुंदनच्या नाकासमोर. असल्या माणसाला मी वाडीला पाणी सोडायलाही ठेवला नसता. ज्या वाफ्यात पाणी आहे तिथेच परत सोडेल.

पण मी पानवेल राखलेली बाई. कुठलं पान कधी हललं ते मला दिसतं. थोड्या वेळानं लक्षात आलं, की पोरी बबलूकडे बघतच नव्हत्या. बॉल हातात आला की त्यांची मान वळायची ती खुर्चीकडे. कुंदनचा उजवा हात त्याच्या गुडघ्यावर होता. दोन बोटं उघडी असली की त्या एका बाजूनं धावायच्या. मूठ असली की थांबायच्या. तळहात उलटा झाला की ती काळीसावळी, बारकी पोर, लाडकी, बॉल घेऊन घुसायची. लाडकी आमच्या जिवल्याची पुतणी, पाड्यावरून रोज दोन बस बदलून येते.

बसल्या जागी, तोंडातून शब्द न काढता, हा पाच पोरी चालवत होता. आणि शाबासकी घेत होतं ते पोट.

"हे कधीपासून?" मी कीर्तीला विचारलं.

"तीन वर्षं."

"नि हा गप बसतो?"

"कुणाला सांगतील? घरी तरी कुणी विचारलं?"

सुनेनं मला असं बोलायची ही पहिली वेळ. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

शेवटचं अर्धं मिनिट राहिलं तेव्हा दोन्हीकडे अडतीस अडतीस. बॉल आपल्याकडे. सगळं मैदान उभं. बबलू सर नाचत नाचत पुढे सरकले आणि नेमके कुंदनच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. लाडकीनं बॉल घेऊन मान वळवली. तिला हात दिसला नाही, पाठ दिसली. तिनं परत बघितलं. परत पाठ. पोर जागच्या जागी बॉल आपटत राहिली. कुंदन खुर्चीत डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. पाठही तशीच हलली.

आता पुढचं मी लपवत नाही. नियम मला सांगितलेला होता. ताकीद झाल्याचंही सांगितलेलं होतं. तरी मी उभी राहिले आणि गावाच्या या टोकावरून त्या टोकाला जातो त्या आवाजात ओरडले,

"कुंदन, ऊठ!"

तो उठला.

विचार करायला वेळ मिळाला असता तर उठला नसता. पण चार वर्षांचा असल्यापासून मी त्याला तो वेळ दिला होता कुठे? सहा फूट तीन इंच सरळ उभा राहिला, बबलूच्या डोक्यावरून दिसला, आणि उभा राहिल्यावर त्याला कळलं आपण काय केलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. शिट्टी वाजली. पंचानं एका हाताच्या तळव्यावर दुसऱ्या हाताची बोटं टेकवून दंड दाखवला.

समोरच्या वसईच्या संघातल्या पोरीनं एकटीनं उभं राहून बॉल टाकला. आत गेला. एकोणचाळीस. मग बॉल परत आपल्याला मिळाला. लाडकी घुसली, उडाली. बॉल कड्यावर बसला, कड्याभोवती एक फेरा फिरला, आणि बाहेरच्या बाजूनं पडला.

बबलू सर माझ्याजवळून गेले ते म्हणत, "मम्मी को घर पे रखने का था, यार."

मी त्यांच्याकडे पाठ केली नि मैदानाकडे बघितलं.

कुंदन पोरींशी बोलला, प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला, मग सांडलेले बॉल एक एक करून पिशवीत भरले. बबलू कधीच निघून गेले होते. कीर्ती माझ्याशेजारी उभी होती. "आई," ती म्हणाली, "त्यांनी तुमचं ऐकलं." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या.

परतीला इको गाडी केली. छत खाली, कुंदनची मान वाकलेली. उमरोळी मागे गेलं. पालघर आलं तेव्हा तो म्हणाला, "जिवल्याला सांगितलंस का? उद्या सकाळी सुरुवात करू."

मी "हो" म्हटलं. मला जे पाहिजे होतं ते मिळालेलं होतं.

सोमवारी सकाळी त्यानं वाडीच्या तोंडाशी बूट काढले. खेळायचे बूट, टाचा झिजलेल्या. अनवाणी आत गेला. जिवल्या शिडी घेऊन उभा.

"भाऊ, शिडी लावू?"

"नको."

त्यानं दोन्ही हात वर केले. जिथे आम्ही तिसऱ्या पायरीवरून पोचतो तिथे तो जमिनीवरून पोचला. केळीच्या वाळक्या सोपटाची गाठ सोडवली, वेल हातावर घेतली आणि देठाला धक्का न लावता खाली उतरवली. एक. दुसरी. तिसरी. एकही मोडली नाही. एवढे मोठे हात, आणि त्यांना वेल कशी धरायची ते येत होतं. बॉलवरच शिकला असणार, दुसरं कुठे शिकणार?

जिवल्या वेल गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "बाय, लाडकी काल जेवली नाय. रडते. बोलते, माझा बॉल नाय गेला म्हनून सर गेले."

कुंदनचे हात वरच थांबले. मान वळली नाही. त्याला सांगता आलं असतं. नाव घ्यायला एक शब्द पुरला असता. तो पुढची गाठ सोडवायला लागला.

"जिवल्या," मी म्हटलं, "घरी जाऊन तिला सांग, सर तिच्यापायी नाय गेले. म्हातारीपायी गेले. माझं नाव घेऊन सांग."

जिवल्यानं माझ्याकडे बघितलं, मग कुंदनकडे. कुंदननं हातातली वेल सावकाश खाली आणली, मातीवर ठेवली आणि मागे वळला. कपाळावर घाम, हातांना माती. काही तरी म्हणणार होता. पण मी उभी होते, आणि मी उभी असताना आमच्याकडे कुणी आधी बोलत नाही.

मी पदर सावरला आणि बांधावर, ओल्या मातीत, खाली बसले.

तो उभा होता. उभाच राहिला.