तीन पाण्यांचा गहू

दादा, माझे वडील, आषाढात गेले. मागे साडेतीन एकर जमीन राहिली, शेजारच्या सिद्रामप्पांबरोबरची सामाईक विहीर राहिली आणि बियाण्याच्या दोन पत्र्याच्या कोठ्या. जमीन आता कोण करणार, हे दिवाळीपर्यंत आमच्या घरात कुणी विचारलं नाही. मी धाराशिवला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आईदादांना मी एकटीच.

दिवाळीच्या सुट्टीत गावी होते तेव्हा बाबू आला. माझा चुलतभाऊ, स्वतःचा ट्रॅक्टर आहे, गावातली निम्मी पेरणी तोच करतो. चिवड्याची बशी मांडीवर घेऊन त्याने विषय काढला.

“काकू, मला बटईनं द्या. निम्मा वाटा घरपोच. ऊस लावतो. ढोकी आठ किलोमीटरवर, कारखाना उशाला, आन आपण गव्हू करत बसायचं म्हंजे गंमतच की.”

“ह्यांनी कधी ऊस लावला न्हाय,” आई चहा गाळता गाळता म्हणाली.

“काकांचं सोडा. काका विहिरीला इचारून पाणी प्यायचे.”

आई हसली. आषाढानंतर पहिल्यांदाच. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुझं काय म्हणणं हाय?”

“मी करते,” मी म्हणाले. असं काही ठरवून आले नव्हते. “शनिवार-रविवार येईन. रजा आहेत.”

बाबूने चिवड्यातलं खोबरं शोधणं थांबवलं नाही. आईने मात्र मला नीट न्याहाळलं. “एक रब्बी करून दाव. गव्हू नीट उभा राहिला तर रान आपल्या हातात. न्हाय तर गुढीपाडव्याला बाबूला देते. पडीक रान मला बघवत न्हाय.”

म्हणजे एका गव्हाच्या पिकावर सगळं आलं होतं. दादांनी चाळीस वर्षं बाजरी, तूर, सोयाबीन सगळं केलं, पण त्यांचं मन गव्हात असायचं. कोणत्या तुकड्यात कोणता वाण, हे ते दरसाल नव्याने ठरवत. कसं ठरवत, ते मी कधी विचारलं नाही. घरी आले की मी पुस्तक घेऊन ओसरीत बसायची आणि ते रानात जायचे, आणि दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. आता त्यांची कपाटं, पिशव्या, पंचांगाच्या मागची पानं शोधली. पुस्तकांच्या नोंदी ठेवून मी पगार घेते. माझ्या वडिलांनी आयुष्यभराच्या शेतीची एकही ओळ लिहून ठेवली नव्हती.

कोठ्यांवरही नाव नव्हतं. आईने एकीतले चार दाणे तोंडात टाकले, दाढेखाली फोडले. “ह्यो बन्सी. कट्टकन वाजतो.” दुसरीतले चावून म्हणाली, “हे तपोवन. गेल्या साली पोळ्या ह्याच्याच खाल्ल्यात आपण.”

बाकीचं मी कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत वाचलं. एकदा रान भिजवलं की ते एक पाणी. बन्सी नुसत्या जमिनीच्या ओलीवर येतो. नेत्रावती एक-दोन पाण्यांवर तग धरते. तपोवन भरघोस येतो, पण त्याला चार-पाच पाणी हवीत. तेव्हा प्रश्न एवढाच होता की विहिरीत पाणी किती आहे.

विहिरीवरच्या खोलीत दादांची दोरी होती, टोकाला दगड बांधलेला आणि परसापरसावर गाठ मारलेली. हात वर करून उभ्या माणसाची उंची म्हणजे एक परस. यंदा पाऊस एवढा झाला होता की दिवाळी उलटली तरी शेजारचा ओढा वाहत होता. मी दोरी सोडली, ओढली, ओल्या गाठी मोजल्या. पाच परस पाणी. मी हरखले. दादांनी कधी एका एकरावर तपोवन पेरलं असेल, मी अडीच एकरांवर पेरू शकत होते.

वरच्या माळाच्या एकरात आईने बाबूकडून बन्सी आधीच पेरून घेतला होता. चार नोव्हेंबरला बाबूचा ट्रॅक्टर मधल्या एकरात घातला आणि कोठीतलं सगळं तपोवन त्यात पेरून टाकलं. खालच्या दीड एकर काळ्या रानात अजून वाफसा नव्हता. पाय रुतत होता. ते सुकल्यावर आणखी बियाणं आणून तिथेही हेच, असं मनात होतं.

पेरणी चालू असताना सिद्रामप्पा बांधावर येऊन उभे राहिले. त्यांचं रान विहिरीच्या पलीकडच्या अंगाला आहे. तीन दिवस पाणी त्यांचं, तीन दिवस आमचं. सत्तरीचा माणूस, डोक्याला टॉवेल.

“तपोवन का?”

“हो अप्पा.”

“बरं,” ते म्हणाले आणि गेले.

पुढचे दोन आठवडे मला जमलं नाही. तिसऱ्या शनिवारी एसटीतून उतरून थेट रानात गेले. मधल्या एकरात तपोवन बोट-दोन बोटं वर आलं होतं, एका रेषेत, दाट. दादा गेल्यापासून इतका आनंद मला कशानेच झाला नव्हता. मग विहिरीत डोकावले. पाणी खाली गेलं होतं, फारच खाली. कडेच्या दगडांवर ओल्या खुणा वर राहिल्या होत्या. मोटर तर कुणीच लावलेली नव्हती. ओढ्याकडे पाहिलं. तो थांबला होता. खडकांत नुसती डबकी राहिली होती.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

“तपोवनाचं पोतं तू नेलं न्हायस व्हय अप्पाकडं?”

“मी कशाला नेऊ?”

“ह्ये न्यायचे. ओढा थांबला की एक दिस पोतं खांद्यावर घालून बांध वलांडून जायाचे, आन दुसरं घिऊन यायाचे. कधी हिकडून तिकडं, कधी तिकडून हिकडं. मला वाटायचं बियाणं बदलतेत.” तिने तांदळाची परात बाजूला सारली. “यंदा माझ्या ध्यानातच न्हाय राहिलं गं. ह्येच न्हाईत, तर पोत्याचं काय.”

चहा न घेता मी निघाले. सिद्रामप्पा त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, गोठ्याच्या सावलीत दावं वळत बसले होते.

“अप्पा, आमच्या कोठीतलं तपोवन तुमच्याकडे यायचं होतं का?”

“व्हय.”

“मग पेरताना बोलला का नाहीत? समोर तर उभे होतात.”

“इचारलं की म्या. तपोवन का, म्हणलं. तू हो म्हणालीस.” त्यांनी दाव्याला पीळ घातला. “शिकल्याली बाई, ठरवूनच पेरत असंल. प्रेमानंद गेला, त्याच्यासंगं आमची बोलीबी गेली, असं समजलो.”

प्रेमानंद म्हणजे दादा. त्यांना एकेरी हाक मारणारं गावात आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

“कसली बोली?”

त्यांनी सांगितली. सोपी होती. ओढा वाहतोय तोवर विहीर आपली नसते, ओढ्याची असते. तो थांबला की दोघांनी मिळून दोरी सोडायची. पाणी लई निघालं तर दोघांनीही तपोवन पेरायचं. तीन परसांच्या आसपास असलं, आणि बहुतेक वर्षी तेवढंच असतं, तर एकानेच भिजवणीचा गहू करायचा, दुसऱ्याने नेत्रावती. एक साल ह्याचं, एक साल त्याचं. ज्याची पाळी त्याच्या घरी तपोवनाचं बियाणं, दुसऱ्याच्या घरी नेत्रावतीचं; म्हणून पाळी बदलली की पोतीही बदलायची.

“दोरी त्याची, पर गाठी म्या मोजायच्या,” अप्पा म्हणाले. “चाळीस सालं झाली; गव्हाची जात बदलली, बोली तीच. पहिल्या साली म्हणला, दोरी माझी हाय तर गाठी तू मोज, म्हंजे घरी गेल्यावर तुला झोप लागंल. तेच चालू राहिलं.”

“आणि यंदा पाळी कुणाची?”

“माझी.”

हे त्यांनी सांगितलं नसतं तर मला कधी कळलं नसतं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि त्यांच्या पाळीचं पाणी मागणारं पीक आता माझ्या रानात दोन बोटं वर आलं होतं.

“मी मोडते,” मी म्हणाले. “उद्या बाबूला कुळव घालायला सांगते. बियाणंही भरून देते. तुम्ही तुमचं तपोवन पेरा.”

हे म्हणताना मला पाडवा दिसत होता. एवढं एकच रान मी स्वतः पेरलं होतं, आणि उगवलेला गहू मोडणाऱ्या बाईला आई जमीन देणार नव्हती. बरोबरच होतं तिचं.

अप्पांनी दावं बाजूला ठेवलं. “उगवल्यालं रान मोडतंय का कुणी? बस खाली.”

मी बसले.

“खरं सांगू का? मला तुझ्या गव्हाचं भ्या न्हाय. दिवाळीत तो बाबू तुमचं रान पावलानं मोजत हिंडत व्हता. म्या हितनं बघितलं. त्यानं ऊस घातला, तर दोन सालात हिरीत बेडूकसुदिक राहणार न्हाय. तुझा गव्हू काय, चार घोट पितो आन होळीपस्तोर वाळतो. ऊस थांबतो का? म्हून गप बसलो. पेरतीया तर पेरू दे, म्हणलं. बाई गव्हाला लागली तर आपली हीर वाचली.”

“म्हणजे तुम्ही स्वतःच्या फायद्यासाठी गप्प बसलात?”

“मग? तुझ्या फायद्यासाठी बसू व्हय?”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. त्यांनी ते पाहिलं नाही, किंवा पाहून गोठ्याकडे तोंड वळवलं.

मग आम्ही विहिरीवर गेलो. दोरी मी सोडली. ती वर आल्यावर न मोजता त्यांच्या हातात दिली. त्यांनी ओल्या गाठी अंगठ्याने चाचपल्या, डोळे बारीक करून, एकेक.

“तीन. वर थोडं हाय, ते धरायचं न्हाय.”

तिथेच काठावर सगळं ठरलं. मधल्या एकराला पाच नाही, तीन पाणी: एकविसाव्या दिवशी, बेचाळिसाव्या दिवशी आणि पासष्टाव्या दिवसाच्या सुमारास, दाण्यात चीक भरताना. उतारा थोडा कमी येईल, पण पीक हातचं जाणार नाही. खालच्या काळ्या दीड एकरात नेत्रावती; ते रान ओल धरून ठेवतं, एका पाण्यावर निभेल. अप्पा स्वतःही नेत्रावतीच पेरणार. त्यांच्याकडे बियाणं जास्तीचं होतं. पुस्तिका उघडली असती तर पाण्याचे दिवस हेच सापडले असते. मी ती वाचलीही होती. पण पाणी कुणाचं, हे पुस्तिका कशी सांगणार?

नेत्रावतीचं पोतं घेऊन मी बांध ओलांडला. माझ्याच्याने ते खांद्यावर झेपेना, म्हणून दोन फेऱ्यांत, निम्मं निम्मं करून नेलं. अप्पा मागून ओरडले, “बापानं एका फेरीत नेलं असतं!”

“बापाने पुस्तकं उचलली नव्हती कधी!” मीही ओरडले.

दुसऱ्या दिवशी बाबू ट्रॅक्टर घेऊन खालच्या रानात आला. पेरणीला थोडा उशीर झाला होता, तरी ओल चांगली होती. आई भाकरी घेऊन आली. बांधावर टेकली, पदराने तोंड पुसलं आणि काही प्रस्तावना न करता म्हणाली, “बाबू, पाडव्याची वाट बघू नको बाबा.”

“का? अजून गव्हू पोटरीतबी न्हाय आला.”

“गव्हाचं न्हाय. ही काल अप्पाच्या आखाड्यावर गेली, चुकलं म्हणाली, मोडते म्हणाली. ह्यांच्या माघारी त्या बांधावर एवढं बोलणारं कुणी आसंल का, ह्येचीच मला काळजी व्हती. मिटली.”

बाबूने ट्रॅक्टर बंद केला. वाईट वाटलं असावं, पण तो मनात ठेवणारा नाही. “मग पेरणी तरी माझ्याकडंच ठेवा, काकू.”

“तुझ्याकडंच. पर वळी सरळ काढ. मधल्या रानात एक पार सापावानी गेलीय.”

“ती ताईनं मधीच हाक मारली तवा गेली.”

एकविसावा दिवस मंगळवारी आला. मी रजा टाकली आणि पहिल्या एसटीने निघाले. त्या दिवशी विहिरीची पाळी अप्पांची होती. पोहोचले तेव्हा त्यांनी मोटर लावलेली होती आणि पाणी आमच्या पाटात सोडून ते मधल्या एकराच्या कोपऱ्यात उभे होते. सारे, म्हणजे वरंब्यांमधले लांब वाफे, एकामागून एक भिजत होते. गव्हाची पाती पाण्यात डुलत होती.

आभार कसे मानायचे ते मला सुचत नव्हतं. हजार पुस्तकं वाचली आहेत, पण त्यातलं एकही वाक्य तिथे, चिखलात, बोलण्यासारखं नव्हतं. त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं.

“पुढली दोन सालं तपोवन तुमचं, अप्पा,” मी म्हणाले.

“दोन कशी?”

“एक यंदाचं राहिलेलं, एक तुमच्या पुढच्या पाळीचं.”

ते हसले. “तवर ऱ्हातो का बघू.”

“राहा,” मी म्हणाले.

त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडला, झटकला, परत बांधला. “बरं, ऱ्हातो. तू आधी तिकडं बघ, सारा फुटला.”

मी फावडं घेऊन पळाले.