मुलांच्या वॉर्डावरची पाटी

तुम्ही गोरगरिबांच्या डोक्यावर इंग्रजी टांगता आणि अर्थ स्वतःच्या कपाटात ठेवता, साहेब. तुमच्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डावरची ती जुनी पाटी मी तीनदा रंगवली. मी कोरेगावचा पेंटर, सातवी पास. इंग्रजी अक्षरं चित्रासारखी काढतो. पाटीवर 'सफर लिटल चिल्ड्रेन' आहे, असं कुणी वाचून दाखवलं होतं; म्हणजे पोरांची सहल, असंच मला वाटायचं.

आज सकाळी शिडीवरून मी तसं बोललो. खाली रंगूबाई फरशी पुसत होत्या. तेवीस वर्षं त्या इथं आया आहेत.

"सहल कसली रं मानसिंगा! सफर म्हंजी हाल. आमचं मालक फौजंत हुते, त्यांनी वाचून सांगितलंय. लेकरांनो, हाल सोसा. देवाचा हुकूम हाय त्यो."

नर्स अंकिता ट्रे घेऊन चालली होती, ती थांबली. "न्हाई वो मावशी. बायबलातलं जुनं इंग्रजी आहे ते. तवा सफर म्हणजे 'करू द्या' असं होतं. येशू म्हणतो, लेकरांना माझ्याकडं येऊ द्या, अडवू नका."

"अडवू नका?"

"व्हय. तेच लिहिलंय."

रंगूबाई ओल्या फरशीवरच बसल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची लेक शिवांजली चार वर्षांची होती. याच दारामागं तापानं गेली. भेटायची वेळ चार ते पाच. पोर सकाळी अकरापासून "आये, आत ये" म्हणून ओरडत होती. आईनं दाराला हात लावला, वर पाटी बघितली आणि हात मागं घेतला. देवच सोस म्हणतोय, तिथं आपण कोण? चारला दार उघडलं, तेव्हा पोर गार झाली होती.

"आन् त्यानंतर हितंच नोकरी धरली, मावशी?" मी विचारलं.

"दुसरीकडं तिचा आवाज कसा यील रं?"

मग त्या उठल्या, तडक तुमच्या केबिनीत शिरल्या आणि पोरीचं सगळं सांगितलं. मी मागोमाग, हातात ब्रश. तुम्ही मान वर केली नाहीत. "जुनं काय उकरताय बाई? नियम तो नियम. आणि पेंटर, अक्षर न् अक्षर होतं तसंच काढायचं."

"सायब, मला काय बी नगं," रंगूबाई म्हणाल्या. "येवढंच सांगा. मी तवा दार ढकललं असतं, तर चाललं असतं का?"

तुम्ही फोन कानाला लावलात. तो वाजलाही नव्हता.

बाई अजून तुमच्या टेबलासमोर उभ्या आहेत, साहेब. चाललं असतं, का नसतं? बोला.