दंतवैद्याने चकाकवलेला चेंडू

क्लबच्या दहा पिनांच्या बॉलिंग संघात एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी आम्ही दोघी उभ्या होतो, मी आणि माझी सून. साठी उलटली म्हणून कुणी सोडलेली जागा मला नको होती, जिंकूनच हवी होती.

क्लबने चेंडू घरंगळवायच्या जुन्या लाकडी लेन काढून नव्या, प्लास्टिकसारख्या गुळगुळीत लेन बसवल्या होत्या. लाकडावर माझा चेंडू शहाण्या मुलासारखा वळून बरोब्बर पिनांत घुसायचा. नव्या लेनवर मशीन तेलाचा थर पसरवतं, तिथे तो वळायचं नावच घेत नाही. म्हणून त्याला पकड यावी यासाठी आठवडाभर चेंडू मांडीवर घेऊन मी तो सँडपेपरने घासला, चांगला खरखरीत केला.

निवडीच्या सामन्याला नाव पुकारल्यावर पिशवी उघडली, तर चेंडूत माझंच तोंड दिसलं.

माझा मुलगा दातांचा डॉक्टर. ओरखडा दिसला की त्याचे हात शिवशिवतात.

"केवढे चरे पडले होते, आई. रात्री दवाखान्यात नेऊन पॉलिश करून आणला," तो म्हणाला आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिला.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. इथे तर घोडं धाडणारा पोटचा मुलगा होता. सामना सुरू झाल्यावर चेंडू घासायला बंदी, त्यामुळे आहे तो टाकणं आलं. चेंडू सरळ घसरत जाऊन कडेच्या दोन-चार पिना पाडायचा आणि मी दात-ओठ खात परत यायचे. सूनबाई मात्र मजेत पुढे चालली होती.

तीच माझ्याशेजारी येऊन बसली. "आई, तेल मधे जास्त आहे, कडेला कमी. उजव्या कडेने टाका, आणि सावकाश."

"अगं, कडेला नाली आहे. आणि तू माझ्याविरुद्ध खेळतेयस."

"खेळतेय ना. पण तुम्ही अशा रडतखडत खेळणार असाल, तर जिंकून मला काय मजा?"

मी उजवीकडे सरकले आणि चेंडू हळूच सोडला. तो नालीच्या अगदी काठाने निघाला, तिथे त्याला पकड मिळाली आणि असा वळला की दहाच्या दहा पिना आडव्या. मग मला कोण अडवणार? एक एक पिन भरून काढत मी तिला गाठलं आणि मागेही टाकलं.

आता तिचा शेवटचा डाव, आणि जिंकायला नऊ पिना हव्या. पहिल्या चेंडूला आठ पडल्या. दुसऱ्याला उरलेल्या दोनांतली एक डुलली, थांबली, पुन्हा डुलली. "पड की गं बाई," असं मी मोठ्याने म्हणून गेले.

ती पडली. मी हरले.

सूनबाईला मिठी मारून मी इतकी ओरडत होते की प्रशिक्षक येऊन माझंच अभिनंदन करून गेले. मी तेही घेतलं.