अवलंबून

कलावतीच्या मृत्यूनंतरच्या जलदान विधीचं जेवण आटोपलं आणि गुलाबरावांनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. चौदा वर्षांपूर्वी याच बायकोला आणि दोन मुलांना मुरलीपुऱ्यातल्या भाड्याच्या खोल्यांत सोडून ते रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला गेले होते.

"गौतमी बेटा, राजरत्नचा नवा दाखला आला का? शुक्रवारपर्यंत ऑफिसात लावायचाय."

दर जानेवारीत ते येत आणि मुलाच्या अपंगत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स नेत. रेल्वेच्या पासात पोराचं नाव राहावं म्हणून ती लागते, अशी कलावतीची समजूत. त्या पासावर राजरत्नला एकदा दीक्षाभूमीला न्यायचं, हे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. पास कधी आला नाही. तिने मात्र झेरॉक्स एकदाही चुकवली नाही. वर चहा पाजला.

गौतमीने फाइल घेतली. सी-स्कीम भागातल्या कर सल्लागाराच्या ऑफिसात ती दिवसभर लोकांचे असलेच कागद तपासायची. फाइलमधला वरचा कागद तिने दोनदा वाचला. आयकरात सवलत मिळण्यासाठी घोषणा. माझा मुलगा सर्वस्वी माझ्यावर अवलंबून असून त्याचा सांभाळ मी करतो.

"पाससाठी न्यायचात ना तुम्ही?"

"मतलब, टॅक्समध्ये थोडी सूट मिळते. सरकार देतं. तुझ्या आईचं काय जात होतं त्यात?"

"अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला ती रोज अंघोळ घालायची. दाढी करायची. आणि इथं लिहिलंय, मी."

"आज तरी भांडू नको. लोक बसलेत."

"आज तरी फाइल आणायची नव्हती." तिचा आवाज चढला. भांडी आवरणाऱ्या बायका थांबल्या. "दाखला देते. पण त्यालाही न्या. अवलंबून आहे ना तुमच्यावर? आत्ताच न्या!"

कोपऱ्यात खीर खात बसलेल्या राजरत्नने ते ऐकलं. तो उठला, सदऱ्याला हात पुसले, उलटसुलट चपला चढवल्या आणि गल्लीत उभ्या असलेल्या बापाच्या स्कूटरवर मागे जाऊन बसला.

"बाबा, चला!"

गुलाबराव दारातच थबकले. "त्याला उतरव ना. तुझं ऐकतो तो."

"तुम्ही सांगा."

"क्वार्टरवर कसं जमेल, तूच सांग."

शेवटी त्यांनी तिच्याजवळच्या फाइलमधला तो घोषणेचा कागद ओढून काढला आणि तिच्याच हातात कोंबला. तिने तो तिथेच फाडला.

राजरत्न हसत वाट पाहत होता. ती त्याच्याजवळ गेली.

"राजू, उतर. बाबांच्या गाडीतलं पेट्रोल संपलंय."

तो गुमान उतरला. बापाची लाज झाकणारं असंच काहीतरी आई इतकी वर्षं बोलत आली होती, आणि आता तेच आपल्या तोंडून निघावं याची तिला चीड आली. भावाला धरून ती पायरीपर्यंत आली असेल नसेल, तोच मागे एका किकमध्ये स्कूटर सुरू झाली. राजरत्न वळला. स्कूटर गल्लीतून बाहेर पडेपर्यंत तो त्या गाडीकडे बघत राहिला, मग गौतमीकडे.